वाचकांचे प्रश्न : सुकाणू वाऱ्याकडे सोपवावे की विजेकडे?

या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात : शिडाच्या नौकेतून लांबच्या सफरीला निघाल्यावर सुकाणू धरून बसण्याचे काम कोणावर सोपवावे? पहिले पत्र सविस्तर आहे, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर दिले आहे. बाकीच्या पत्रांत त्याहून निराळे जे विचारले आहे, तेवढ्यालाच पुढे उत्तर आहे.

प्रश्न : आमची नौका ११ मीटर लांबीची आणि एकाच सांगाड्याची आहे. सुकाणू चाकाने फिरते आणि चाकापासून सुकाणूपर्यंत तारेचे दोर गेलेले आहेत. चाकावर बसणारा एक जुना ऑटोपायलट (विजेच्या मोटरीने सुकाणू फिरवणारे उपकरण) आहे. किनाऱ्यालगतच्या प्रवासात त्याने फारसा त्रास दिलेला नाही. आता आम्ही पतिपत्नी दोघेच महासागर ओलांडण्याच्या तयारीला लागलो आहोत. अनुभवी मंडळींपैकी काही जण म्हणतात की विंडवेन (वाऱ्याच्या पात्यावर चालणारे, विजेशिवाय सुकाणू सांभाळणारे उपकरण) नसेल तर बंदर सोडूच नका. काहींच्या मते ते मागच्या शतकातले लोखंड आहे. चांगला ऑटोपायलट बसवा आणि निर्धास्त व्हा. दोन्ही एकदम घेणे आम्हाला शक्य नाही. आधी काय घ्यावे?

उत्तर : आपल्याला सल्ला देणारी दोन्ही बाजूंची मंडळी खरेच सांगत आहेत, फक्त प्रत्येक जण स्वतः हिंडलेल्या समुद्राबद्दल बोलत आहे. म्हणून उपकरणांचा अभिमान बाजूला ठेवून आधी दोन गोष्टी तपासाव्यात. ते उपकरण कशाकडे पाहून दिशा राखते, ही पहिली आणि सुकाणू फिरवायला लागणारे बळ त्याला कुठून मिळते, ही दुसरी.

विंडवेन वाऱ्याकडे पाहते. नौका आणि वारा यांच्यामधला कोन आपण एकदा ठरवून दिला की ते तोच कोन राखत राहते. वारा हळूहळू वीस अंश फिरला, तर नौकाही गुपचूप वीस अंश फिरते आणि होकायंत्रावर नजर टाकेपर्यंत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ऑटोपायलट होकायंत्राकडे पाहतो. वारा फिरला तरी तो नाळ (नौकेचे पुढचे टोक) ठरलेल्या दिशेलाच धरून ठेवतो, मग शिडे फडफडू लागोत किंवा पाठवाऱ्यात शीड धाडकन दुसऱ्या बाजूला पलटो. डोलकाठीच्या टोकावर वारामापक असेल, तर आजचे बहुतेक ऑटोपायलट वाऱ्याचा कोनही राखू शकतात. परंतु त्या वेळी सगळी भिस्त डोलकाठीवरच्या एका नाजूक यंत्रावर असते, हे विसरू नये. मोकळ्या समुद्रात नौकेची शिडे वाऱ्याच्या कोनाला लावलेली असतात, म्हणून तिथे विंडवेनची रीत अधिक स्वाभाविक आहे. खडक, उथळ पाणी आणि जहाजांच्या ठरलेल्या वाटा जवळ असतील, तिथे मात्र ठराविक दिशा राखणारा ऑटोपायलटच हवा.

बळाचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा आहे. सर्वांत जास्त प्रचारात असलेल्या सर्व्हो-पेंड्युलम प्रकारात पिछाडीवर उभे असलेले हलके पाते वाऱ्याने कलते, पण ते स्वतः सुकाणूला हात लावत नाही. ते फक्त पाण्यात सोडलेल्या एका अरुंद वल्ह्याला त्याच्या उभ्या अक्षाभोवती किंचित वळवते. वल्हे तिरके होताच नौकेखालून वाहणारे पाणी त्याला जोराने एका बाजूला ढकलते, वल्हे झुलते आणि त्याला बांधलेले दोन दोर चाक किंवा सुकाणूचा दांडा ओढतात. थोडक्यात, हुकूम वाऱ्याचा आणि मेहनत पाण्याची. पाण्याचा हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे नौका तीन नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सहा नॉटवर गेली की वल्ह्यावरचे बळ चौपट होते. वारा वाढला की सुकाणू जड होते आणि नेमके त्याच वेळी विंडवेनचे बळही वाढते. ऑटोपायलटचे गणित याच्या उलट चालते. समुद्र खवळला की त्याची मोटर अधिक वेळा आणि अधिक जोराने फिरते, बॅटरी भराभर उतरते आणि ढगाळ आकाशामुळे सौर पॅनेलही त्या दिवशी साथ देत नाही. माझे मत विंडवेनकडे झुकते ते मुख्यतः या एका कारणामुळे.

ही कल्पना लांबच्या सफरीत कसाला लागली ती १९६० मध्ये. प्लिमथहून न्यूयॉर्कपर्यंत एकट्याने जाण्याची पहिली शर्यत त्या वर्षी झाली. ती भरवण्यात पुढाकार घेणारे ब्लाँडी हॅस्लर ‘जेस्टर’ या अवघ्या २५ फुटी नौकेतून गेले आणि तिच्यावर त्यांनी स्वतः रचलेले विंडवेन होते. फ्रान्सिस चिचेस्टर यांनी ‘जिप्सी मॉथ ३’ मधून ४० दिवसांत ती शर्यत जिंकली. त्यांच्या पिछाडीवर ‘मिरांडा’ नावाचे पाते होते. मिरांडामध्ये वाऱ्याचेच बळ थेट सुकाणूवर येत असे, त्यामुळे ते पाते एखाद्या छोट्या शिडाएवढे मोठे करावे लागले होते. पाण्याकडून काम करून घेणारे सर्व्हो-पेंड्युलम रूढ झाले आणि पाते लहान झाले. त्याचे मोठे श्रेय हॅस्लर यांचेच आहे. २०१८ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तर विजेवर चालणाऱ्या ऑटोपायलटला बंदीच आहे आणि त्या नौका विंडवेनच्या भरवशावर एकट्या माणसाला घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीत दुसरे आलेले अभिलाष टॉमी यांना वाटेत विंडवेनची डागडुजी करावी लागली होती. यावरून ‘विंडवेन कधी मोडत नाही’ ही समजूत सोडून द्यावी. पण मोडलेले विंडवेन भर समुद्रात हातोडी, करवत आणि दोर घेऊन पुन्हा उभे करता येते. पाणी शिरलेल्या इलेक्ट्रॉनिक पाटीच्या बाबतीत असे सहसा होत नाही.

आता विंडवेनचे दुर्गुण. ते सांगताना त्याचे भक्त घाई करतात, म्हणून आपण जरा थांबून पाहू.

पहिला दुर्गुण पाठवाऱ्याचा. विंडवेनला कळतो तो नौकेवर जाणवणारा वारा, खरा वारा नव्हे. मागून १२ नॉटचा वारा आहे आणि नौका ६ नॉटने चालली आहे, असे समजा. पात्याला जाणवतो फक्त ६ नॉटचा वारा आणि त्याचा जोर खऱ्या वाऱ्याच्या जेमतेम एक चतुर्थांश. अशा वेळी नौका दोन्ही बाजूंना दहा-पंधरा अंश भटकते आणि मागून लाट आली तर त्याहूनही जास्त. आडव्या अक्षावर कलणारे पाते उभ्या अक्षावर फिरणाऱ्या पात्यापेक्षा दिशेतल्या तेवढ्याच चुकीला कितीतरी जास्त प्रतिसाद देते, म्हणून मंद वाऱ्यात तेच बरे. दुसरी युक्ती शिडांची आहे : मोठे शीड उतरवून नाळेकडची दोन शिडे दोन बाजूंना काठ्यांनी ताणून धरली, की ओढ पुढून येते आणि सुकाणूचे काम निम्मे होते. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातून जाणाऱ्या सफरीत आठवडेच्या आठवडे पाठवारा असतो, त्यामुळे आपल्याला हा मुद्दा पुस्तकी वाटू नये.

दुसरा दुर्गुण उघडच आहे. वारा पडला आणि इंजिन सुरू केले की विंडवेन निकामी होते, कारण तेव्हा पात्याला जाणवणारा वारा नौकेच्याच चालीतून आलेला असतो. महासागर ओलांडतानाही इंजिनावर जाण्याचे दिवस येतात आणि त्या कंटाळवाण्या तासांत चाक धरून बसणे कोणालाच आवडत नाही.

तिसरा दुर्गुण आपल्या नौकेला थेट लागू होतो, तो चाकाचा. सर्व्हो-पेंड्युलमच्या दोरांची ओढ मर्यादित असते. साधारण २५ सेंटिमीटरच्या आसपास दोर हलतो आणि तेवढ्यात सुकाणू पुरेसे वळले पाहिजे. सुकाणूच्या दांड्याला दोर बांधले की हे सहज जमते. चाक असेल तर त्यावर एक ढोल बसवून दोर गुंडाळावे लागतात आणि वाटेतली प्रत्येक कप्पी, प्रत्येक सैल तार त्या २५ सेंटिमीटरमधून आपला वाटा कापून घेते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुकाणू न्यायला आपले चाक तीनपेक्षा जास्त फेरे घेत असेल, तर सर्व्हो-पेंड्युलमकडून फार अपेक्षा ठेवू नये. हायड्रॉलिक सुकाणू असेल तर त्याचा विचारच सोडावा. आपल्याकडे तारेचे दोर आहेत, ही जमेची बाजू. बंदरात चाक एका बोटाने फिरवून पाहा; ते जड वाटले, तर आधी कप्प्या आणि बेअरिंगे साफ करून घ्या. काही जण विंडवेनचे दोर चाकाला न बांधता आणीबाणीसाठी ठेवलेल्या दांड्याला बांधतात. आपल्या पिछाडीवर तशी जागा असेल, तर तो मार्ग माझ्या मते चाकावरच्या ढोलापेक्षा सरस आहे.

ज्यांच्या नौकेला हे काहीच लागू होत नाही, त्यांच्यासाठी हायड्रोव्हेनसारखा प्रकार आहे. त्यात पिछाडीवर एक वेगळे छोटे सुकाणूच बसते आणि पाते त्यालाच फिरवते. मुख्य सुकाणू योग्य जागी आणून घट्ट बांधून ठेवायचे. चाकाशी, तारांशी किंवा हायड्रॉलिकशी त्याचा संबंधच येत नाही. शिवाय मुख्य सुकाणू मोडले, तर दुसरे सुकाणू आधीच बसवलेले असते. २०२० पासून जिब्राल्टरची सामुद्रधुनी आणि स्पेन-पोर्तुगालचा किनारा या भागात ऑर्का (किलर व्हेल) नौकांची सुकाणू मोडू लागल्यापासून या फायद्याची चर्चा वाढली आहे. अर्थात मागे लोंबणारे दुसरे सुकाणू ऑर्काला तितकेच दिसते, हेही खरे. या प्रकारात पाण्याच्या झुलत्या वल्ह्याचे वाढीव बळ नसते, म्हणून नौका फार जड असेल किंवा तिचा तोल बिघडलेला असेल, तर ते कमी पडते.

तोल हा शब्द आला, म्हणून थोडे विषयाच्या मुळाशी जाऊ. कोणतेही उपकरण घेण्याआधी आपली नौका स्वतःहून किती सरळ चालते, हे पाहावे. जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ मधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. थर्सडे बेटापासून कोकोस बेटांपर्यंतचा २,७०० मैलांचा टप्पा त्यांनी २३ दिवसांत कापला आणि त्यात सुकाणूवर एकूण तीन तासही घालवले नाहीत, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. लांब कण्याची (कणा म्हणजे नौकेच्या तळाचा मधला आधार) ती नौका सुकाणू बांधून ठेवले की आपली वाट आपण धरत असे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहैली’ वरचे विंडवेन ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमचे मोडले. तरीही शिडांचा तोल साधत आणि गरजेप्रमाणे हाताने सुकाणू धरत त्यांनी उरलेली वाट पुरी केली आणि एप्रिल १९६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले ठरले. आजच्या आखूड कण्याच्या नौका इतक्या समजूतदार नसतात, पण तत्त्व तेच आहे. वारा बगलेवर घेऊन चालताना चाक सोडून पाहा. नौका झटकन वाऱ्याच्या तोंडावर जात असेल, तर मोठे शीड आखडा, त्याचा फुगवटा कमी करा, दोर थोडा सैल सोडा. सुकाणू सतत एका बाजूला दाबून धरावे लागत असेल, तर विंडवेन त्यातच आपले बळ संपवेल आणि ऑटोपायलट आपली बॅटरी. आपला ऑटोपायलट निकामी आहे अशी तक्रार करणाऱ्या कित्येकांच्या नौकेवर खरे तर शीडच जास्त असते.

ऑटोपायलटची बाजूही न्यायाने मांडायला हवी. पूर्वीचे ऑटोपायलट नौका वळल्यावर जागे होत. आजच्या ऑटोपायलटमध्ये वळण्याचा वेग मोजणारा जायरो असतो, त्यामुळे मागून लाट उचलू लागताच तो उलटे सुकाणू द्यायला सुरुवात करतो. मंद पाठवाऱ्यात तो विंडवेनपेक्षा निर्विवाद सरस आहे. बटण दाबून दहा अंश वळता येते, आणि दोघांच्याच नौकेवर शीड उतरवताना नाळ वाऱ्याच्या तोंडावर धरून ठेवणारा तिसरा गडी म्हणून त्याची किंमत मोठी आहे. मात्र आपल्याकडे आहे तो चाकावरचा प्रकार, ज्यात एक छोटी मोटर पट्ट्याने किंवा दातेरी चक्राने चाक फिरवते. तो शांत पाण्यासाठी आणि हलक्या नौकेसाठी असतो. निर्माते नौकेच्या वजनाची जी मर्यादा सांगतात, ती पाहताना आपण नौकेचे कागदावरचे रिकामे वजन धरतो. पाणी, इंधन, साखळी, अन्न आणि सुटे भाग भरल्यावर ती सहज पाचव्या हिश्शाने जड होते. महासागरातल्या लाटा सलग दोन आठवडे सोसणारा ऑटोपायलट हवा असेल, तर डेकखाली बसणारा आणि सुकाणूच्या खुंटाला थेट जोडलेला प्रकारच घ्यावा लागतो.

आता निकाल. आपल्या पिछाडीवर विंडवेनला मोकळी जागा असेल आणि चाक हलके फिरत असेल, तर आधी विंडवेन घ्या. फेरे जास्त असतील तर वेगळ्या सुकाणूचा प्रकार घ्या. जुना ऑटोपायलट इंजिनावर चालताना आणि शिडे हाताळताना वापरण्यासाठी ठेवा; मात्र विंडवेन चालू असताना त्याचा क्लच पूर्णपणे सुटतो ना, हे तपासा, नाहीतर त्याचे घर्षण वल्ह्याच्या मानगुटीवर बसेल. पिछाडीवर छोटी होडी टांगण्याची कमान, सौर पॅनेलचा सांगाडा किंवा पोहण्याचे फळकूट असेल आणि ते हलवण्याची आपली तयारी नसेल, तर मात्र हा निकाल उलटा करावा : डेकखालचा मजबूत ऑटोपायलट घ्यावा, त्याच्या जोडीला दुसरी मोटर आणि दुसरा होकायंत्र-संवेदक सुटा ठेवावा, आणि विजेचे गणित पुढच्या उत्तरात दिल्याप्रमाणे घालावे.

प्रश्न : डेकखालचा ऑटोपायलट चोवीस तास चालवायचा असेल, तर किती वीज लागते? फक्त सौर पॅनेलवर भागेल का?

उत्तर : दहा ते बारा मीटरच्या नौकेवर अशा ऑटोपायलटचा सरासरी खप १२ व्होल्टवर ३ ते ६ अँपिअर धरावा. मधला ४ चा आकडा घेतला तर दिवसाला ९६ अँपिअर-तास होतात. शिशाच्या बॅटरीतली निम्मीच साठवण वापरावी, असा दंडक आहे. म्हणजे केवळ सुकाणूच्या एका दिवसासाठी जवळजवळ २०० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतले ८० टक्के वापरता येतात, तेव्हा १२० पुरते. फ्रिज, दिवे, रेडिओ आणि पाणी गोडे करणारे यंत्र यांचा हिशेब यात धरलेला नाही.

उष्ण कटिबंधात, सावली नसलेले १०० वॉटचे पॅनेल दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास देते. त्यामुळे एकट्या ऑटोपायलटसाठी ३५० ते ४०० वॉटची पॅनेले लागतात, आणि शिडाची सावली पॅनेलवर पडत नाही असा दिवस शिडाच्या नौकेवर विरळाच. म्हणून लांबच्या सफरीत पाण्यात सोडायचा जनित्र जोडीला घ्यावा. नौका सहा नॉटच्या आसपास चालत असेल, तर तो रात्रंदिवस ऑटोपायलटची गरज भागवतो. वेग थोडा कमी होतो, पण तो सौदा परवडणारा आहे. खप कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मात्र शिडे वेळेवर आखडणे हाच आहे. त्याखालोखाल ऑटोपायलटची संवेदनशीलता उतरवावी, म्हणजे प्रत्येक लाटेमागे मोटर धावणार नाही. खुल्या समुद्रात नौका पाच-सात अंश डोलली तर काही बिघडत नाही.

प्रश्न : आमची कॅटामरान (दोन सांगाड्यांची नौका) आहे. तिच्यावर विंडवेन बसवावे का?

उत्तर : बसवू नये. कॅटामरान झोत आला की वेग झपाट्याने पकडते आणि वेग वाढला की जाणवणारा वारा नाळेकडे सरकतो. विंडवेनला वाटते की नौकाच वळली, म्हणून ते तिला वाऱ्यापासून दूर नेते. झोत ओसरला की सगळे उलटे. परिणामी नौका नागमोडी चालते. दोन सांगाड्यांमधली रुंदी, दोन सुकाणू आणि त्यांना जोडणारा दांडा यांमुळे बसवण्याच्या अडचणी आहेत त्या वेगळ्याच. वेगवान एकसांगाडी नौकांचीही हीच गत आहे. व्हेंडी ग्लोबसारख्या शर्यतीतल्या नौका वीस नॉटच्या पुढे धावतात आणि तिथे सगळी मदार ऑटोपायलटवरच असते. आपण दोन स्वतंत्र ऑटोपायलट बसवावेत, अगदी फ्यूज आणि वायरिंगपर्यंत स्वतंत्र. एकाच नियंत्रकाला दोन मोटरी जोडण्याला दोन ऑटोपायलट म्हणू नये.

प्रश्न : माझी नौका ८ मीटरची आहे आणि सुकाणूला दांडा आहे. छोटा टिलरपायलट (दांडा ढकलणारा-ओढणारा छोटा ऑटोपायलट) महासागरात पुरेल का?

उत्तर : एकटा पुरणार नाही. टिलरपायलट उघड्यावर पाऊस आणि लाटांचे पाणी खात राहतो. त्याचा दट्ट्या जिथून आतबाहेर होतो तिथून आज ना उद्या खारे पाणी आत शिरतेच. पण आपल्यासारख्या नौकेला एक फार चांगली जोडी साधता येते. दांड्याला सर्व्हो-पेंड्युलमचे दोर बांधावेत आणि पाठवारा मंद झाला की वरचे पाते काढून त्याच्या जागी तो छोटा टिलरपायलट जोडावा. आता वल्ह्याला हुकूम वाऱ्याऐवजी होकायंत्र देते, पण मेहनत पाणीच करते. टिलरपायलटला सुकाणूऐवजी फक्त पात्याचा हलका दांडा हलवायचा असतो, त्यामुळे त्याचा विजेचा खप अगदी थोडा राहतो आणि तो टिकतोही जास्त. इंजिनावरही ही जोडी चालते, मात्र प्रोपेलरच्या खळबळीत वल्हे थरथरत असेल तर वेग थोडा कमी करावा. निर्मात्याने अशा जोडणीसाठी खुंटी दिलेली असते. नसली तर ती सहज बसवता येते.

दोन्ही उपकरणे बंद पडली तर काय, याचा सरावही किनाऱ्याजवळ करून ठेवावा. नाळेकडच्या शिडाचा दोर कप्पीतून वाऱ्याच्या बाजूने दांड्याला आणायचा आणि दुसऱ्या बाजूने रबराची लवचीक नळी ताणून बांधायची. नौका वाऱ्याच्या तोंडावर जाऊ लागली की ओढीचे प्रमाण बदलते आणि दांडा आपोआप जागेवर येतो. हे बसवायला तासभर खटपट करावी लागते, पण आठ मीटरच्या नौकेवर ते आश्चर्य वाटावे इतके चांगले चालते.

प्रश्न : आमची नौका पोलादी आहे आणि नवीन ऑटोपायलट सतत नागमोडी जातो. उपकरणच सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. आधी होकायंत्राचा संवेदक कुठे बसवला आहे ते पाहा. इतर नौकांवर तो मध्यभागी आणि शक्य तितका खाली बसवतात, म्हणजे डोलण्याचा त्रास कमी होतो. पोलादी सांगाड्यात मात्र खाली ठेवलेल्या संवेदकाला सभोवतालचे लोखंडच जास्त जाणवते. तो सांगाड्याच्या बाहेर, उंचावर, उदाहरणार्थ लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर न्यावा लागतो. आजूबाजूला ध्वनिक्षेपक, जाड विद्युत तारा किंवा सुट्या भागांची पेटी नसावी. जागा बदलल्यावर शांत पाण्यात सावकाश वर्तुळे घेऊन उपकरणाला विचलन (लोखंडामुळे होकायंत्रात येणारी चूक) मोजू द्यावे.

त्यानंतर सुकाणूच्या कोनाचा संवेदक नीट जोडला आहे ना, तो सुकाणूबरोबर सैल न होता फिरतो ना, हे पाहावे. सर्वांत शेवटी ऑटोपायलटची मांडणी (सेटिंग) पाहावी. नौका ठरलेल्या दिशेच्या पलीकडे जाऊन परत येत असेल, तर सुकाणू गरजेपेक्षा जास्त दिले जात आहे; दिशेवर यायलाच फार वेळ लागत असेल, तर कमी.

प्रश्न : ही उपकरणे चालू असताना दोघांनीही झोपावे का? माझे सहकारी म्हणतात, रडार आणि एआयएस (जहाजांनी रेडिओवरून कळवलेले त्यांचे ठिकाण दाखवणारी यंत्रणा) आहे ना!

उत्तर : सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम प्रत्येक नौकेला सर्व काळ डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध सर्व साधनांनी योग्य पहारा ठेवायला सांगतो. दोघे असाल तर एकाने जागे राहावेच. एआयएस न लावलेल्या छोट्या मासेमारी होड्या आणि तरंगणारे ओंडके पडद्यावर येतीलच असे नाही.

आणखी एक धोका आहे आणि तो मला अधिक भयंकर वाटतो. सुकाणू धरणारा माणूस पाण्यात पडला, तर पूर्वी नौका वाऱ्याच्या तोंडावर जाऊन थांबण्याची थोडी तरी शक्यता असे. विंडवेन किंवा ऑटोपायलट चालू असताना ती त्याच वेगाने निघून जाते. म्हणून रात्री आणि एकटे डेकवर असताना कमरेचा पट्टा नौकेला बांधलेला हवाच. काही ऑटोपायलटना मनगटावरची किल्ली जोडता येते. ती दूर गेली की उपकरण थांबते किंवा भोंगा वाजवते. झोपलेल्या जोडीदाराला उठवण्यापुरता तरी तो भोंगा मोठा असावा.

प्रश्न : विंडवेन बसवले आहे. सफरीला निघताना त्याचे कोणते सुटे भाग बरोबर घ्यावेत?

उत्तर : दोन पाती, कारण वादळात किंवा दोराला अडकून सर्वांत आधी तीच मोडतात, जाड प्लायवूडची दोन आणि मंद वाऱ्यासाठी पातळ लाकडाचे एक जास्तीचे. न ताणणारे दोर पुरेसे लांब घ्यावेत आणि ते कप्प्यांपाशी झिजतात तिथून दर काही दिवसांनी थोडे पुढे सरकवावेत. बहुतेक सर्व्हो-पेंड्युलममध्ये वल्ह्याच्या वर मुद्दाम कमजोर ठेवलेली एक नळी असते. ओंडका आदळला तर ती तुटून बाकीचे यंत्र वाचवते. अशा दोन नळ्या जवळ असाव्यात, आणि नळी तुटल्यावर वल्हे हातचे जाऊ नये म्हणून त्याला एक दोरी आधीच बांधलेली असावी. बेअरिंगे प्लास्टिकची असतील तर त्यांना ग्रीस लावू नये. त्यात मिठाचे कण अडकून बसतात, गोड्या पाण्याने धुणे पुरते. बंदरात शिरून इंजिन उलटे फिरवण्याआधी वल्हे पाण्याबाहेर काढावे, कारण मागे जाताना पाणी त्याला एका बाजूला पिरगाळते आणि मग त्या सुट्या नळ्यांपैकी एक बंदरातच खर्ची पडते.